हसण्यावारी गेलेली चूक

निकालाचा हंगाम आला की एकच तक्रार माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येते. आईवडील म्हणतात, "कितीदा ठेच लागली तरी ह्याला शहाणपण येत नाही." मुलं म्हणतात, "मॅडम, मी त्याच त्या चुका परत करतो. माझ्या मेंदूतच काही लोचा आहे का?" पुण्यात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांचं समुपदेशन करताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की मूल खुर्चीत कसं बसतं त्यावरून ते येणार की नाही याचा अंदाज येतो. त्यातून मुलगा टवाळ, हसताखेळता असेल तर घरच्यांनी निदान करूनच आणलेलं असतं. "सिरियस नाही."

या दोन्ही तक्रारींचं उत्तर मला एका मुलाकडून फार नेमकं मिळालं. त्याला आपण समाधान म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

समाधान परभणीकडचा. मेकॅनिकलची पदवी, नंतर पुणे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, पुन्हा अभ्यासिका. राज्यसेवेची पूर्व तिसऱ्यांदा हुकली, तेव्हा वडील स्वतः त्याला घेऊन आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेला, कमी बोलणारा माणूस.

"लेकराला कशाचंच काही वाटंना मॅडम," ते म्हणाले. "निकाल लागला त्या रात्री पोरं जमवून खो खो हसत होता. मी फोनवर ऐकलं."

"पप्पा, रडलो असतो तर कट-ऑफ खाली आला असता का?" समाधान म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, बाकीची पोरं पूर्व परीक्षा देतात. मी पूर्व परीक्षेचा आजीव सभासद आहे."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. वडिलांना ते आवडलं नसावं. पण विनोद चांगला होता, आणि चांगल्या विनोदाला मख्ख चेहऱ्याने सामोरं जाणारा समुपदेशक मुलांना पहिल्या दहा मिनिटांतच खोटा वाटतो, हे मला अनुभवाने माहीत आहे.

समाधानकडे एक वही होती. वरती लिहिलेलं, ‘फालतू विचार’. अभ्यासाचा कंटाळा आला की त्यात काहीबाही खरडायचा. ती त्याने मला संकोचत दाखवली, आणि खरं सांगायचं तर त्याच्या चाचणी परीक्षांच्या गुणांपेक्षा मला त्या वहीतच जास्त रस वाटला. एका पानावर होतं, "अनुभव हा गुरू असेल तर आमच्या अभ्यासिकेत आठ वर्षं बसलेल्या दादांचा पुतळा उभारायला पाहिजे." दुसऱ्या पानावर, "आपण स्वतःला गुदगुल्या केल्या तर होत नाहीत. म्हणजे पुढे काय होणार हे मेंदूला आधीच कळतं. मग परीक्षेत का कळत नाही?" आणि त्याच्या खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: "एकच जोक दुसऱ्यांदा ऐकला की हसू येत नाही. म्हणजे जोक मेंदू एकदाच ऐकून शिकतो. चूक दहादा करूनही शिकत नाही. का?"

ज्या मुलाला वडील ‘कशाचंच काही वाटत नाही’ म्हणत होते, तो हा प्रश्न घेऊन फिरत होता. मानसशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

गुदगुल्यांचं त्याचं म्हणणं बरोबरच आहे. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये याचा मेंदूत शोध घेतला. आपण हात हलवतो तेव्हा त्या हालचालीतून कोणता स्पर्श होणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो, आणि स्पर्श अंदाजाबरहुकूम झाला की त्याची तीव्रता कमी करतो. यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. दुसऱ्याच्या बोटांचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून गुदगुल्या होतात. विनोदाचंही बरंचसं असंच. गोष्ट एका दिशेने निघते, आपण मनात पुढचं वाक्य तयार करतो, आणि ती भलतीकडेच वळते. अपेक्षा आणि घटना यांच्यात अंतर पडतं, ते अंतर क्षणात उमगतं, आणि हसू फुटतं.

"आणि शिकणं?" त्याने विचारलं.

शिकणंही तिथूनच सुरू होतं. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामाइन सोडणाऱ्या काही पेशी जोरात सक्रिय होतात. पण दिवा लागला की रस मिळतो हे एकदा कळलं, की त्या पेशी दिव्यालाच प्रतिसाद देतात, रस मिळताना शांत राहतात. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. म्हणजे मेंदू हिशेब ठेवतो तो वाटलं होतं काय आणि झालं काय यातल्या फरकाचा. फरक पडला की पुढचा अंदाज बदलतो. आपण ज्याला अनुभवातून शिकणं म्हणतो त्याचा हा एक पाया.

"म्हणजे जोक आणि चूक एकाच दारातून आत येतात," समाधान म्हणाला.

"हो. मग जोक आत येऊन बसतो आणि चूक दारातूनच परत का जाते, ते आपल्याला शोधायचंय."

हे वाक्य मी सहज बोलून गेले, पण पुढचं सगळं काम त्यावरच झालं.

आता थोडं माझ्या वाटेविषयी सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. माझं शिक्षण झालं ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर. 1955 च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धत, म्हणजे मनस्तापामागची चुकीची समजूत शोधून ती बदलायची पद्धत, मांडायला सुरुवात केली, आणि महाराष्ट्रात ती रुजवली ती मुख्यतः प्रा. कि. मो. फडके यांनी. एलिस स्वतः विनोदाचे मोठे भोक्ते. माणूस दुःखी होतो त्यात स्वतःला अति गंभीरपणे घेण्याचा हात मोठा असतो, असं ते मानत. 1976 मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या भरल्या अधिवेशनात ते आपल्या कापऱ्या आवाजात विनोदी गाणी म्हणाले होते. पण त्यांची एक अट होती. हसायचं ते माणसाच्या वेड्या समजुतीवर आणि वागण्यावर, माणसावर नाही. आजकाल ‘स्वतःवर हसता आलं पाहिजे’ असं सर्रास सांगितलं जातं. मला ते वाक्य अर्धवट वाटतं. स्वतःच्या कशावर, ते सांगायला नको का? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. त्यात अडचणीत मन हलकं ठेवणारा विनोद वेगळा आणि लोकांनी आपल्याला धरून राहावं म्हणून स्वतःचाच पाणउतारा करणारा विनोद वेगळा. बाहेरून दोन्हींना टाळ्या सारख्याच पडतात.

समाधानला मी म्हटलं, "त्या रात्री पोरं ज्यावर हसली तो जोक मला सांग."

त्याने खुर्ची मागे सरकवली, उभाच राहिला. "मॅडम, प्रश्न आला, खालीलपैकी अयोग्य कोण ते ओळखा. मी माझा बैठक क्रमांक लिहून आलो."

"झकास. हा प्रश्न कुठला होता?"

"जोक आहे मॅडम."

"जोक कळला. पण तो सुचला कशावरून? असा एखादा प्रश्न चुकला असेल ना?"

"हां, एक ‘अयोग्य विधान ओळखा’वाला होता. मी अयोग्य वाचलंच नाही. योग्यला गोळा केला."

"विषय कुठला?"

तो थांबला. "पंचायत राज... बहुतेक. नाही आठवत."

जोक शब्दाला शब्द पाठ, आणि ज्या प्रश्नातून तो निघाला तो आठवत नाही. मी त्याला पुढच्या वेळी प्रश्नपुस्तिका, उत्तरपत्रिकेची प्रत आणि उत्तरतालिका घेऊन यायला सांगितलं. पुस्तिका कपाटाच्या वर, बॅगेखाली होती. निकालानंतर उघडलीच नव्हती.

टेबलावर आम्ही ती पसरली. प्रश्न साधारण असा होता: 73 व्या घटनादुरुस्तीबाबत अयोग्य विधान ओळखा. पहिला पर्याय, अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. दुसरा, महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा. तिसरा, पंचायतींची मुदत सहा वर्षं. चौथा, राज्य निवडणूक आयोगाची तरतूद. मुदत पाच वर्षांची असते, तेव्हा उत्तर तिसरं. हे समाधानला झोपेत विचारलं तरी आलं असतं. त्याने पहिला गोल काळा केला होता.

"वाचताना आधी काय दिसलं?" मी विचारलं.

"73 वी घटनादुरुस्ती."

"मग?"

"मग बरं वाटलं. पॉलिटी माझा स्ट्राँग विषय आहे."

"मग?"

"मग 29 दिसलं. 29 विषय, बरोबर. गोळा केला."

"आणि ‘अयोग्य’ कधी दिसलं?"

त्याने पुस्तिका जवळ ओढली. तोंडाशी आलेला विनोद त्याने गिळला, ते मला दिसलं. "आत्ता," तो म्हणाला.

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला बोलायचा मोह फार होतो, आणि बोललो की मुलाचा शोध आपला होऊन बसतो. त्याने खिशातून पेन काढलं आणि मी न सांगता पहिल्या पानापासून सुरुवात केली. ‘अयोग्य’, ‘चुकीचे’, ‘नाही’, ‘वगळता’ असे शब्द असलेल्या प्रत्येक प्रश्नावर खूण. मग उत्तरतालिकेशी ताडून पाहिलं. चुकलेले सात निघाले. पाच पॉलिटीचे, दोन इतिहासाचे. भूगोलातही असे प्रश्न होते, त्यातला एकही चुकलेला नव्हता.

"भूगोल तर माझा कच्चा आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, पुस्तिकेकडेच बघत, "मॅडम, ज्याची भीती वाटते ते मी नीट वाचतो. जे येतं ते वाचतच नाही."

बरोबर उत्तराचे दोन गुण आणि चुकीला अर्धा वजा, म्हणजे एका प्रश्नामागे अडीच गुणांचा फरक. साताचे साडेसतरा. कट-ऑफ हुकला होता आठ गुणांनी. त्याने ते आकडे समासात लिहिले, त्यांना गोल केला, आणि म्हणाला, "हे माझ्या जोकपेक्षा जास्त विनोदी आहे. मी येत होतं म्हणून नापास झालो."

हा विनोद मात्र मी लगेच लिहून घेतला. आधीच्या विनोदात तो स्वतः अयोग्य ठरत होता. या विनोदात एक समजूत उघडी पडली होती: मला येतं, म्हणजे वाचायची गरज नाही. पहिल्यावर करण्यासारखं काही नव्हतं, बैठक क्रमांक बदलत नाही. दुसऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपासून काम करता येत होतं.

त्याच्या वहीतल्या त्या अधोरेखित प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. जोक आपण शेवटपर्यंत ऐकतो. कुठे फसलो ते कळल्याशिवाय हसूच येत नाही, म्हणून तो एका ऐकण्यात बसतो. चुकीच्या बाबतीत आपण आधीच उठून जातो. कुणी रडून उठतं, कुणी स्वतःला शिव्या देऊन, समाधान हसवून उठत होता. तिघांच्याही हातात निकाल असतो, पण नेमकं काय वाटलं होतं आणि ते कुठे चुकलं, ते बघायचं राहून जातं. शेजारच्या खोलीत रात्रभर रडणाऱ्या मुलाला लोक ‘सिरियस’ म्हणतात. पण त्यानेही पुस्तिका उघडलेली नसते! रडणारा शिकतो आणि हसणारा शिकत नाही, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे.

इथे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जेनेट मेटकाफ यांचं एक काम मला नेहमी आठवतं. 2001 मध्ये त्यांनी आणि ब्रॅडी बटरफील्ड यांनी दाखवलं, की जे उत्तर आपण खात्रीने देतो आणि ते चुकीचं निघतं, ते खरं उत्तर समोर आल्यावर अधिक पक्कं सुधारतं. आपल्याला वाटतं उलट, खात्रीची चूक जास्त चिवट असणार. पण खात्रीच्या चुकीत धक्का मोठा असतो आणि धक्क्याने लक्ष खेचलं जातं. समाधानच्या सातही चुका याच जातीच्या होत्या. शिकण्यासाठी याहून चांगला माल मिळत नाही, आणि तो कपाटावर बॅगेखाली पडून होता. अट एकच, खरं उत्तर डोळ्यांसमोर यायला हवं.

म्हणून अशा मुलांना मी जे करायला लावते ते फार साधं आहे. चूक सापडली की तिच्याखाली दोन वाक्यं लिहायची: काय वाटलं होतं, आणि काय निघालं. ‘सिली मिस्टेक’ लिहायला माझ्याकडे बंदी आहे. त्या शब्दाने चूक झाकली जाते, दिसत नाही. ‘लक्ष नव्हतं’ हेही चालत नाही, कारण लक्ष कुठेतरी होतंच, ते कुठे होतं ते लिही. समाधानचं लक्ष आनंदात होतं. एका मुलीचं शेजारच्या बाकावरच्या मुलाने उलटलेल्या पानात होतं. दोघांचा उपाय एक कसा असेल? तिसरं वाक्य, पुढच्या वेळी काय करायचं ते, पहिली दोन खरी उतरली की आपोआप सुचतं. समाधानने ठरवलं, ‘अयोग्य’, ‘नाही’ हे शब्द आले की पेनाने चौकट करायची आणि मगच पर्यायांकडे बघायचं. ओळखीचा विषय आला तर आधी चौकट शोधायची. जोक करायला पूर्ण मुभा, फक्त वाक्यं लिहून झाल्यावर.

आईवडिलांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. "परत तेच?" हा प्रश्न नाही, निकाल आहे. त्याला उत्तर म्हणून मूल एक तर गप्प बसतं नाहीतर विनोद करतं. त्याऐवजी "तुला तेव्हा काय वाटलं होतं?" असं विचारून बघा, आणि उत्तर येईपर्यंत दुसरं वाक्य बोलू नका. समाधानच्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वर्गात पोरांना हे मी रोज इचारतो मॅडम. पाटीवर चुकलं तर म्हणतो, कसं केलंस सांग. घरच्याला इचारायचं सुचलं नाही." त्या संध्याकाळी बापलेक माझ्याकडून निघून चहा प्यायला गेले आणि पुस्तिका सोबत घेऊन गेले.

दुसरी गोष्ट, हसणाऱ्या मुलाकडे ‘काही वाटत नाही’ म्हणून बघू नका, पण ‘हसतोय म्हणजे ठीक आहे’ असंही धरून चालू नका. विनोद हळूहळू आपण नकोच आहोत, आपण गेलो तर बरं, अशा वळणावर जायला लागले, झोप-जेवण बिघडलं, ज्या मित्रांना हसवायचा त्यांनाच टाळायला लागला, तर तो विनोद समजू नका. सरळ, स्पष्ट शब्दांत विचारा, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. समाधानच्या बाबतीत हे सगळं मी सुरुवातीलाच तपासलं होतं. ते तपासल्याशिवाय पुढची मेंदू-बिंदूची चर्चा मी करत नाही.

समाधान अजून पुण्यातच आहे, अजून अभ्यासिकेत बसतो. परवा येऊन गेला, टेस्ट सिरीजचा पेपर घेऊन. नकाराच्या प्रश्नांत एकही चूक नव्हती. मी शाबासकी देणार, तेवढ्यात म्हणाला, "थांबा मॅडम. आधी मी ‘नाही’ वाचत नव्हतो, आता ‘आहे’सुद्धा दोनदा वाचतो. शेवटच्या अकरा प्रश्नांपर्यंत पोचलोच नाही, त्यामुळे त्यांतही एक चूक नाही."

खाली वहीत लिहून आणलं होतं. "वाटलं होतं: हळू वाचलं की चुका कमी. निघालं: चुका कमी, प्रश्नही कमी. करायचं: चौकट नसेल तर एकदाच वाचायचं आणि पुढे सुटायचं."